गाठ बुडबुड्याशी

फिश फाइंडर म्हणजे होडीतून पाण्यात ध्वनी सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून मासे आणि तळ दाखवणारं यंत्र. त्याच्या पडद्यावर कमान उमटली की आपण "मासा!" म्हणून ओरडतो. पण ती कमान बहुतांशी माशाच्या पोटातल्या हवेची असते. ध्वनीच्या लेखी माशाचं मांस म्हणजे जवळजवळ पाणीच, त्यातून तो सहज पार होतो. हाडांचा सांगाडा असलेल्या बहुतेक माशांच्या कण्याखाली मात्र तरंगण्यासाठी हवेची एक पिशवी असते. पाण्यातून धावणारा ध्वनी हवेवर आदळला की जवळपास सगळाच्या सगळा माघारी फिरतो. माशाकडून परत येणाऱ्या प्रतिध्वनीचा नव्वद टक्क्यांहून जास्त वाटा या एवढ्याशा पिशवीचा असतो. मुशी आणि पाकट यांना ती नसते, म्हणून अंगापिंडाने थोर असलेली मुशीसुद्धा पडद्यावर कधीकधी फिकट रेघोटीसारखी निघून जाते.

आता हीच गोष्ट उलटी करून बघा. जी हवा माशाला दाखवते, ती ट्रान्सड्यूसरच्या, म्हणजे ध्वनी सोडणाऱ्या आणि ऐकणाऱ्या भागाच्या, तोंडाशी आली तर काय होईल? ध्वनी तिथूनच परत फिरेल आणि खाली काही पोचणारच नाही. फिश फाइंडर बसवण्याच्या कामातली निम्म्याहून अधिक अक्कल या एका वाक्यात मावते. जागा कुठली, उंची किती, चिकटवायला इपॉक्सी कुठलं, वेग वाढला की तळ का गायब होतो, या सगळ्यांचं उत्तर शोधत गेलं की शेवटी गाठ पडते ती बुडबुड्याशीच.

पाण्यातल्या ध्वनीचा वेग पहिल्यांदा नीट मोजला गेला तो १८२६ साली, जिनिव्हाच्या सरोवरात. एका होडीखाली पाण्यात घंटा टांगलेली. ती वाजताक्षणी वर बंदुकीच्या दारूचा भडका उडायचा. कित्येक किलोमीटर लांबच्या दुसऱ्या होडीत कर्ण्यासारखी नळी पाण्यात सोडून कान लावलेला माणूस भडका दिसल्यापासून घंटा ऐकू येईपर्यंतचा वेळ मोजायचा. ८ अंश सेल्सिअसच्या त्या पाण्यात वेग निघाला सेकंदाला १४३५ मीटर. समुद्राच्या पाण्यात तो साधारण १५०० धरतात, म्हणजे हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त. १५ मीटर खोल तळावर आपटून परत यायला ध्वनीला २० मिलिसेकंद लागतात. आजचं यंत्रही हेच करतं: टिचकी मारतं, वाट बघतं, मिळालेल्या वेळाची निम्मी वाट खोली म्हणून सांगतं. मेनूमध्ये 'गोडं पाणी' आणि 'खारं पाणी' असा पर्याय असतो तो वेगातल्या या फरकासाठी. तो चुकला तर १५ मीटरला साधारण अर्धा मीटर इकडेतिकडे. मासेमारीत चालून जातं, खडकाळ उथळ पाण्यात नाही.

खरेदीला निघालेला माणूस आधी पडदा बघतो. साहजिकच आहे, दुकानात झगमगतो तो पडदा, ट्रान्सड्यूसर खोक्याच्या तळाशी काळ्या साबणाच्या वडीसारखा पडलेला असतो. पण ऐकण्याचं काम त्या वडीचं आहे. नऊ इंची पडदा आणि सामान्य ट्रान्सड्यूसर यापेक्षा पाच-सात इंची पडदा आणि आपल्या पाण्याला साजेसा ट्रान्सड्यूसर हा सौदा कधीही बरा.

साजेसा म्हणजे काय, ते फ्रिक्वेन्सीवर ठरतं. २०० किलोहर्ट्झची लाट पाण्यात साडेसात मिलिमीटर लांबीची असते, ५० किलोहर्ट्झची ३० मिलिमीटर. आखूड लाट बारकावे टिपते पण लवकर दमते. लांब लाट खोल जाते पण बारकं काही वेगळं दाखवत नाही. समुद्रात आखूड लाट जास्तच दमते, कारण खाऱ्या पाण्यात विरघळलेलं मॅग्नेशियम सल्फेट ध्वनी शोषतं. एकच यंत्र तलावात लांबचं बोलतं आणि समुद्रात मध्येच गप्प होतं ते यामुळे. लहान होडी पन्नास-साठ मीटर खोलीच्या आतबाहेर फिरणार असेल तर २०० किलोहर्ट्झ पुरेसं. शंभर मीटरच्या पलीकडे रोज जायचं असेल तरच ५० किंवा ८३ चा विचार. ४५५ आणि ८०० किलोहर्ट्झ हे डाउन आणि साइड इमेजिंगचे, म्हणजे खालचं आणि बाजूचं चित्र काढणाऱ्या सोयींचे, आकडे. बुडालेलं झाड, खडकाची कड, तुटकी जाळी हे त्यात फोटोसारखं दिसतं. पण ८०० किलोहर्ट्झचा दम साधारण तीस-चाळीस मीटरच्या पुढे टिकत नाही.

चर्प नावाचा प्रकार मात्र घेण्यासारखा आहे. साधं यंत्र एकाच सुरात टिचकी मारतं. ती टिचकी एक दशांश मिलिसेकंद चालली तर तेवढ्या वेळात ध्वनी १५ सेंटीमीटर जातो, आणि एकमेकांच्या वर-खाली साडेसात सेंटीमीटरच्या आत असलेले दोन मासे एकच ठिपका होऊन दिसतात. चर्प एका दमात खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंत सूर ओढतं, समजा १५० पासून २१० किलोहर्ट्झपर्यंत, आणि परत आलेल्या आवाजात तीच चाल ओळखतं. त्यामुळे हिशेबाने हे अंतर सव्वा सेंटीमीटरपर्यंत खाली येतं. तळाला चिकटून बसलेला मासा तळापासून सुटा दिसतो तो यामुळेच.

मग येतो कोन. ध्वनी बॅटरीच्या झोतासारखा पसरत खाली जातो. २० अंशांचा झोत १० मीटर खोलीवर साडेतीन मीटर व्यासाचा गोल व्यापतो. खोलीचा एक तृतीयांश, असं लक्षात ठेवावं. ६० अंशांचा झोत तिथेच साडेअकरा मीटर व्यापतो. रुंद कोन म्हणजे जास्त मासे, असं ऐकायला बरं वाटतं. पण त्या साडेअकरा मीटरमध्ये मासा नेमका कुठे आहे हे यंत्र सांगू शकत नाही. त्याला फक्त अंतर कळतं, दिशा नाही. उतारावर तर रुंद झोत फसवतोच. उताराची वरची, जवळची कड आधी प्रतिध्वनी देते, यंत्र तिलाच तळ समजतं, आणि त्या रेषेखाली खळग्यात बसलेले मासे तळाच्या रंगात बुडून जातात. उथळ पाण्यात शोधाशोध करायला रुंद, नेमकं बघायला अरुंद. दोन्ही देणारा ट्रान्सड्यूसर मिळाला तर उत्तम.

शक्तीचे आकडे वाचताना सावध राहावं. खोक्यावर '४००० वॉट' दणक्यात छापलेलं असतं आणि बाजूला बारीक अक्षरांत 'पीक टू पीक', म्हणजे लाटेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजलेला फुगीर आकडा. त्याला आठने भागा: ५०० वॉट आरएमएस, म्हणजे सरासरी शक्ती. तुलना करायची ती याच आकड्यांची. लहान होडीला आणि मध्यम खोलीला ३०० ते ५०० आरएमएस भरपूर होतात.

पडद्याच्या बाबतीत इंचांपेक्षा उभे पिक्सेल मोजा. उभ्या दिशेला ४८० पिक्सेल असतील आणि खोली ४० मीटर लावली असेल, तर एका पिक्सेलमध्ये आठ सेंटीमीटर पाणी मावतं. बारीक मासा एका ठिपक्याचा धनी. उन्हात दिसेल इतका उजेड हवा, आणि उन्हाचा पोलराइज्ड चष्मा लावून आडवा-उभा बघून घ्यावा. काही पडदे एका कोनात काळे पडतात. पाण्यापासून बचावाचं आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. होडीत तेवढं पाहिजेच.

आता बसवण्याची जागा. लहान होडीला तीन वाटा: मागच्या फळीवर बाहेरून, तळाच्या आत चिकटवून, नाहीतर काठाला शिकंजा लावून दांडीवर. तळाला आरपार भोक पाडून ब्राँझचा ट्रान्सड्यूसर बसवणं हे मोठ्या बोटींचं काम. अ‍ॅल्युमिनियमच्या होडीत तर ब्राँझ बसवूच नये, खाऱ्या पाण्यात दोन धातूंची जोडी बॅटरीसारखी वागते आणि अ‍ॅल्युमिनियम खाऊन टाकते.

मागची फळी हा बहुतेकांचा मार्ग. तिथे जागा शोधायची ती होडी जमिनीवर असताना, तिच्या तळाकडे आडवं पडून. ज्या बिंदूवर ट्रान्सड्यूसर बसणार, तिथून नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडे, सरळ रेघ मनात ओढा. त्या रेघेवर पट्टी, रिव्हेटची रांग, पाणी ओढायचं किंवा सोडायचं तोंड, दुसरा सेन्सर, काहीही असेल तर जागा बाद. त्या प्रत्येक उंचवट्यामागे वेगात बुडबुड्यांची शेपटी निघते आणि ती थेट ट्रान्सड्यूसरवरून जाते. इंजिनच्या पंख्यापासून निदान ४० सेंटीमीटर लांब. आणि उजवी बाजू शक्यतो, कारण बहुतेक आउटबोर्डचा, म्हणजे मागे बाहेर टांगलेल्या इंजिनचा, पंखा मागून बघितलं तर घड्याळाच्या दिशेने फिरतो. उजवीकडे पाती खाली जातात, डावीकडे वर येताना पाणी घुसळतात. पंखा उलटा फिरत असेल तर बाजूही उलटी. ट्रेलरवर होडी चढवताना रूळ कुठून जातात तेही आत्ताच बघा. पाण्यात उत्तम चालणारा ट्रान्सड्यूसर पहिल्याच चढाईत रुळाखाली चिरडला, असं होतं ते ही एक नजर टाकायची राहिली म्हणून.

उंची: फायबरच्या होडीत ट्रान्सड्यूसरची खालची बाजू तळाच्या साधारण ३ मिलिमीटर खाली, अ‍ॅल्युमिनियमच्या होडीत १० मिलिमीटर, कारण तिच्या तळाजवळचं पाणी जास्त खळबळलेलं असतं. यापेक्षा वर राहिला तर हवेत, फार खाली गेला तर पाण्याचे फवारे उडवतो आणि स्वतःच बुडबुडे तयार करतो. तोंड पाण्याच्या पातळीला समांतर हवं, आणि तेही होडी चालत असताना जशी बसते तसं. उभ्या होडीत लेव्हल लावून समाधान मानण्यात अर्थ नाही. इंजिन आणि माणसं यांच्या वजनाने तिचा तोल वेगळाच पडतो.

पहिल्या प्रयत्नात जागा बरोबर येईल असं धरून चालू नये. म्हणून फळीला थेट ट्रान्सड्यूसर न ठोकता आधी जाड प्लॅस्टिकचा, एचडीपीईचा, १२ मिलिमीटर जाडीचा तुकडा बसवतात. होडीला कायमची भोकं फक्त त्या तुकड्याची पडतात. पुढे ट्रान्सड्यूसर वर-खाली सरकवायचा तर भोकं प्लॅस्टिकला. एचडीपीईला गोंद धरत नाही, हे मात्र ध्यानात असू द्या. त्याला धरून ठेवतात ते स्क्रू. सीलंटचं काम फक्त भोकातून पाणी आत जाऊ न देण्याचं.

भोक पाडताना ड्रिलच्या पात्याला खोलीच्या खुणेसाठी चिकटपट्टी गुंडाळा. पाच मिलिमीटरच्या स्क्रूला चार मिलिमीटरचं भोक. फायबरच्या वरच्या चकचकीत थराला, जेलकोटला, तडे जातात, म्हणून आधी ड्रिल उलट्या दिशेने हलकेच फिरवून खळगा करावा, मग सरळ. शेवटी भोकाच्या तोंडाला थोडा उतार द्यावा. स्क्रू ३१६ दर्जाच्या स्टेनलेसचे. भोकात पाण्याखाली चालणारं पॉलियुरेथेन सीलंट भरून मगच स्क्रू घालायचा, वरून नुसतं फासून भागत नाही. खिडकीच्या काचेला लावतात ते सिलिकॉन इथे नको. फायबरच्या बऱ्याच फळ्यांच्या पोटात प्लायवूड असतं. एका कोरड्या राहिलेल्या भोकातून पाणी झिरपलं की दोन-चार वर्षांत ती आतून भुसा होते, आणि बाहेरून काही कळत नाही.

तळाच्या आत चिकटवणं म्हणजे बुडबुड्यांची खरी परीक्षा. ध्वनी फायबरच्या सलग भरीव थरातून जातो. लाकडातून नाही, धातूतून नीट नाही, आणि मध्ये फोम किंवा बाल्सा या हलक्या लाकडाचा गाभा असेल तर अजिबात नाही, कारण फोम म्हणजे बांधून ठेवलेले बुडबुडेच. इमेजिंगचे ट्रान्सड्यूसर या वाटेने बहुधा आंधळे होतात, आणि तापमान सांगितलं तर ते होडीच्या पोटातलं. चिकटवण्याआधी तपासा: तळात थोडं पाणी ओता, त्यात ट्रान्सड्यूसर दाबून धरा, पडद्यावर तळ बघा, मग तोच बाहेर पाण्यात धरून बघा. दोन्हींत थोडाच फरक असेल तर पुढे जा. जागा घासून सपाट आणि तेलमुक्त करायची. इपॉक्सी सावकाश घट्ट होणारं घ्यावं. पाच मिनिटांवालं तापतं आणि स्वतःच फेसाळतं. ते हळू ढवळायचं, सावकाश ओतायचं, आणि ट्रान्सड्यूसर दाबत दाबत गोल फिरवून कडेने हवा बाहेर काढायची. झोत सरळ खाली जायला हवा, तेव्हा व्ही आकाराच्या तळात मधल्या कण्याच्या जितकं जवळ तितकं बरं. एकदा घट्ट झालं की छिन्नीशिवाय निघत नाही.

काठाला शिकंजा लावून दांडीवर बसवणं हा उसन्या किंवा लाकडी होडीसाठीचा उपाय. दांडी जाड हवी, आणि वेगात जाताना वर उचलायची. थरथरली की पडद्यावर तळ करवतीच्या दातांसारखा दिसतो.

ट्रान्सड्यूसरची केबल कापू नये. उरलेली मोठ्या वेटोळ्यांत इंग्रजी आठच्या आकारात बांधून ठेवावी, आणि इंजिनच्या व रेडिओच्या तारांपासून लांब न्यावी. फळीतून आत घ्यायची ती पाण्याच्या रेषेच्या बरीच वर. भोकापाशी केबलला खाली झोका द्यावा, म्हणजे ओघळ आत न येता तिथून टपकतो. ट्रान्सड्यूसर धरणारा ब्रॅकेट आपटल्यावर वर उडणाऱ्या जातीचा असेल तर त्याला पूर्ण उडता येईल इतकी ढील केबलला ठेवा.

विजेची मागणी मामुली. पाच इंची यंत्र अर्धा ते एक अँपिअर घेतं. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीतले निम्मेच वापरायचे असं धरलं, तर ०.७ अँपिअरला पाच तास. इंजिन स्टार्टरने चालू होत असेल तर त्याच बॅटरीवर यंत्र लावू नये. स्टार्टर फिरला की व्होल्टेज कोसळतं आणि यंत्र बंद पडून पुन्हा सुरू होतं. फ्यूज माहितीपत्रकात सांगितला असेल तोच, बहुधा ३ अँपिअरचा, आणि बॅटरीच्या जितका जवळ तितका. तार दीड चौरस मिलिमीटरची, समुद्रात कल्हई केलेल्या तांब्याची. सहा मीटर लांब अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या तारेत दोन अँपिअर गेले तर जाता-येता पाऊण व्होल्टहून जास्त हरवतात. "बॅटरी भरलेली आहे तरी लो व्होल्टेज दाखवतो" ही तक्रार बहुतेक वेळा याच बारीक तारेची.

पाण्यात उतरण्यापूर्वी ट्रान्सड्यूसरचं तोंड सौम्य साबणाच्या पाण्याने पुसा. कारखान्यातला किंवा हाताचा तेलकटपणा राहिला तर त्यावर बारीक बुडबुडे चिकटून बसतात. अ‍ॅसिटोन लावू नका, प्लॅस्टिक खराब होतं.

मग चाचणी. उभ्या होडीत तळ दिसणं ही काही परीक्षा नव्हे. हळूहळू वेग वाढवायचा. एका ठरावीक वेगाला तळाची रेषा तुटू लागली, खोलीचा आकडा लुकलुकू लागला, तर हवा आली. ट्रान्सड्यूसर ३ मिलिमीटर खाली घ्या, पुन्हा चालवा. दोन-तीनदा करूनही फरक पडला नाही तर उंची नाही, जागाच चुकली आहे. पडद्यावर खालपासून वरपर्यंत ठिपक्यांचा पाऊस पडत असेल तर ती विजेची गडबड. इंजिन बंद करून बघा, मग पंप, मग रेडिओ. जे बंद केल्यावर पाऊस थांबतो ते गुन्हेगार. उथळ पाण्यात यंत्र अचानक दुप्पट खोली सांगू लागलं, तर ते तळावरून पृष्ठभागावर आणि पुन्हा तळावर आपटलेला दुसरा प्रतिध्वनी मोजत आहे. संवेदनशीलता थोडी कमी करा.

माशांची चित्रं दाखवणारी सोय पहिल्याच दिवशी बंद करावी, असं माझं स्पष्ट मत. बुडबुडा, पानकचरा, मासा या सगळ्यांना ती एकच गोंडस चित्र देते. संवेदनशीलता पडद्यावर बारीक कचरा दिसेपर्यंत वाढवायची आणि मग एक पायरी खाली. आणि सर्वात उजवीकडची उभी रेघ तेवढी 'आत्ता'ची. तिच्या डावीकडे आहे तो मागे राहिलेल्या पाण्याचा इतिहास. थांबलेल्या होडीत सरळ लांब रेघ दिसली तर तो लांबलचक मासा नसतो, खाली थबकलेला एक मासा असतो.

कमानीवरून ट्रान्सड्यूसरचा कलही तपासता येतो. होडी माशावरून सरळ जाताना मासा झोताच्या पुढच्या कडेत शिरतो तेव्हा लांब असतो, मध्ये येतो तेव्हा जवळ, मागे पडतो तेव्हा पुन्हा लांब; म्हणून पूर्ण कमान. तिचा डावा, वर चढणारा अर्धाच भाग दिसत असेल, तर झोत पुढे बघतोय. ट्रान्सड्यूसरचं नाक थोडं खाली करा. उजवा, खाली उतरणारा अर्धाच दिसत असेल तर झोत मागे बघतोय. नाक थोडं वर. एका वेळी एक-दोन अंशच, त्याच पाण्यात, त्याच वेगात. दोन्ही बाजू सारख्या उतरल्या की बोल्ट आवळा आणि ब्रॅकेटवर तिथे खिळ्याने एक बारीक खूण करून ठेवा, कारण पहिल्या ओंडक्याला लागून तो कल बदलणारच आहे.